आई-अण्णांना पत्र, जपानमधल्या टोयोओकाहून

आई, अण्णा, साष्टांग नमस्कार.

मी एकदम मजेत आहे, हे आधी सांगते म्हणजे आई पुढचं नीट वाचेल. डाळ-भात घरीच करते, गोडा मसाला अजून अर्धा डबा आहे. आणि अण्णा, तुम्ही दादाला म्हणालात ना पोरगी नदीकाठी एकटी राहते, तर एकटी अजिबात नाहीये, शेजारच्या आजी रोज सकाळी माझा पडदा उघडला का बघतात. तो मोठा पूर २००४ चा, त्याला किती वर्षं झाली, उगाच यूट्यूबवर बघत बसू नका.

इथली एक गोष्ट मला दोन वर्षं झाली तरी नवलाचीच वाटते. सगळ्यांकडे फोन आहेत, तरी गावातली सूचना एका क्लिपबोर्डवर लावून घरोघर फिरवतात, त्याला काइरानबान म्हणतात. म्हणजे वरच्या घरातून माझ्याकडे येणार, मी वाचायची, नावापुढे शिक्का मारायचा, सही नाही हं, शिक्काच, प्रत्येकाचा स्वतःचा असतो, आणि मग खालच्या घरी आपण नेऊन द्यायची. क्रम ठरलेला, मधलं घर गाळायचं नाही, आणि आपल्याकडे ठेवूनही घ्यायची नाही कारण पुढचे थांबलेले असतात. आधी वाटायचं एवढा खटाटोप कशाला, पण कोण आजारी आहे, कोणाला डॉक्टरकडे न्यायचंय, हे दारात दोन मिनिटं बोलल्यावरच कळतं.

परवा त्याच बोर्डावर कागद आला, शनिवारी शाळेची मुलं खाचरात जीव मोजायला येणार. मीही गेले. अण्णा, तुम्हाला करकोच्याचा फोटो पाठवलेला, पांढरा, पंखांना काळी कड, लाल पाय, उजनीला आपण चित्रबलाक पाहिले त्यांच्याच कुळातला. जपानमधला रानातला शेवटचा १९७१ ला इथेच मेला. घरट्यांची झाडं तुटली, शेतातल्या औषधांनी मासे-बेडूक संपले, खाणार काय. मग १९८५ ला रशियातून सहा पिल्लं आणली, १९८९ ला त्यांना पिल्लं झाली, २००५ ला पक्षी मोकळे सोडले. पण शेतात खायला तर हवं, म्हणून शेतकऱ्यांनी शेतीच बदलली. औषध बंद नाहीतर अगदी कमी, हिवाळ्यातही खाचरात पाणी. आणि इथे भात वाढत असताना मधे एकदा खाचर सुकवतात, ते सुकवणं बेडकाच्या पिल्लांना पाय फुटेपर्यंत पुढे ढकलतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. सहावीतली एक मुलगी गुडघाभर चिखलात, तिने जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली, त्यात एक पिल्लू, मागचे दोन्ही पाय आलेले, पुढचा एकच, शेपूट अजून तशीच. ती ट्रे घेऊन शेतवाल्या आजोबांकडे गेली आणि म्हणाली, अजून नाही. आजोबा वाकून बघत राहिले, मान हलवली, आणि पाणी सोडायची फळी तशीच ठेवली. सत्तरीचा माणूस अकरा वर्षांच्या पोरीचं ऐकतो, तेही स्वतःच्या शेतात! मला भरून आलं. वर खांबावर करकोचा चोच वाजवत होता, पूर्ण वाढलेल्या करकोच्याला आवाज नसतो, चोचीनेच बोलतो. अशा शेतातला तांदूळ जास्त भावाने जातो, आणि मुलांनीच मेयरना सांगून तो शाळेच्या जेवणात आणलाय.

अण्णा, ओढ्यालगतच्या एका खाचरात यंदा औषध मारू नका ना. एकच. लहानपणी पहिल्या पावसात बेडूक झोपू द्यायचे नाहीत, मागच्या वेळी आले तर रात्र गप्प होती. दादाच्या पोरांना मोजायला लावा, माझ्याकडे पाठवा. उतारा कमी आला तर मी भरून देईन.

आता लावणीचं. येते म्हणाले होते, येत नाहीये. शाळेने अजून एक वर्ष विचारलं आणि मी तुम्हाला न विचारता हो म्हणाले. आई, रागाव पण फोन उचल. आत्याने आणलेलं स्थळ चांगलंच आहे, मुलाशी दोनदा व्हिडिओवर बोलले, पुढच्या जुलैपर्यंत थांबणार असशील तर थांब, नाहीतर मोकळा आहेस, असं स्पष्ट सांगितलंय. आत्याला तूच सांग, माझी हिंमत होत नाही.

साठ हजार पाठवलेत, लावणीची मजुरी वेगळी पाठवते. हे फक्त आईच्या पाटल्या सोडवायला, माझ्या तिकिटासाठी गहाण ठेवलेल्या. दुसरीकडे खर्च करू नका. आई, हातात घातल्यावर फोटो पाठव.

तुमची,
सुमी