जोडलेल्या घड्याळाला 'मूळ' म्हणू नका

महोदय,

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून मला घड्याळं जोडायचा नाद लागलाय. 'एचएमटी जनता' या जुन्या मनगटी घड्याळाचं १७ खड्यांचं (चाकांचे आस ज्यांत फिरतात ते बारीक खडे) चावीचं मशीन इथल्या गंजगोलाई बाजारात भंगाराच्या डब्यात मिळालं. केस, म्हणजे बाहेरची डबी, दुसऱ्या घड्याळाची, काटे तिसऱ्याचे. चावीची दांडी लांब होती. कानस मारत गेलो आणि किंचित जास्तच घासली. नवी आणावी लागली. (वर्षानुवर्षं पाने फिरवलेल्या हाताला हा चिमटा अजून ऐकत नाही!) आता सेकंदाला पाच ठोके पडतात, कानाला लावलं की झोप येते.

तक्रार वेगळीच आहे. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायला २०१६ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, तेव्हापासून जुन्या मालाला भाव आलाय. माझ्या भाच्याला एकानं 'अगदी मूळ, न वापरलेलं' म्हणून घड्याळ विकलं. मी झाकण उघडलं तर डायल ताजी रंगवलेली, आत मशीनवर मात्र गंज. रंगवा, जोडा, पण गिऱ्हाईकाला खरं सांगा. मी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं 'जोडलेलं' असं कोरून ठेवलंय.

— एक वाचक, लातूर