तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, आमच्या सर्व्हरबद्दल

ती. काका,
सा. नमस्कार वि. वि.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही "बस गं, चहा टाकतोय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि उघड लिहितेय, कारण सिनेमे-फोटो साठवून टीव्हीवर आणि फोनवर दाखवणारा आमचा घरचा सर्व्हर बघून घरी येणारा जो तो विचारतो, "प्रोसेसर कोणता घेतलास?" तुम्ही तो प्रश्न सगळ्यात शेवटी काढला होता.

माझ्याकडे तेव्हा यादी तयार होती: बारा कोरचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, ईसीसी (चुका आपणहून दुरुस्त करणारी) रॅम, दहा गिगाबिटचं नेटवर्क. तुम्ही ती उपडी करून ठेवलीत आणि विचारलंत, "टीव्ही कोणता आहे? एका वेळी किती जण बघणार? घराबाहेरून कोण बघणार? आणि यातलं काय गेलं तर रडू येईल?"

पहिल्या तीन प्रश्नांतच निम्मी यादी गळाली. आमचा टीव्ही एचईव्हीसी (फोर-के व्हिडिओ आवळून ठेवायची पद्धत) स्वतःच उलगडतो. त्याच्यापुढे सर्व्हरने नुसती फाइल ठेवायची, त्याला कसली ताकद लागते? ताकद लागते लेक हॉस्टेलवरून फोनवर बघते तेव्हा. फोर-के फाइल आमच्या अपलोडमधून तशीच्या तशी जात नाही, ती चालू असतानाच लहान करावी लागते, यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. किंवा ब्लू-रेची सबटायटल्स चित्रं म्हणून येतात आणि प्रत्येक फ्रेमवर छापावी लागतात, तेव्हा. तुम्ही ते करूनच दाखवलंत. जेलीफिन या सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग बंद ठेवून एक फाइल लावलीत: चारही कोर शंभर टक्के, पंखा किंचाळायला लागला, आणि चित्र तरी अडखळतच होतं. मग सेटिंगमध्ये इंटेलचं क्विक सिंक निवडलंत आणि तीच फाइल पुन्हा लावलीत. पंखा गप्प, कोर जवळजवळ रिकामे. "हे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं आहे, कोर मोजून काय करतेस?" एवढंच म्हणालात. प्लेक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमवर याच सोयीसाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो, जेलीफिनवर ती फुकट आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

घरातला जुना डेस्कटॉप वापरावा, असं आमच्या ह्यांचं मत होतं. तुम्ही काही न बोलता त्याच्या प्लगला वॅटमीटर लावलात. नुसता बसून तो साठच्या आसपास वॅट खात होता. वर्षभर चालू ठेवलेला एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट, म्हणजे हा बाबा वर्षाला सव्वापाचशे युनिट जाळणार. शिवाय चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यात दहा बिटचं (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडायची सोयच नाही. ती इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. ह्यांनी मान डोलावली आणि पुढे कधी विषय काढला नाही. (हा तुमचा वेगळा उपकार.)

शेवटी घेतला तो ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा आय-थ्री, टॉवर खोक्यातला. एन-१०० चे चिमुकले मिनी पीसी मला फार आवडले होते. सहा वॅटचा प्रोसेसर, शिवाय एव्ही-१ हा नवा व्हिडिओ प्रकारसुद्धा उलगडतो, जे आमच्या आय-थ्रीला जमत नाही. पण तुम्ही विचारलंत, "साडेतीन इंची डिस्क ठेवणार कुठे? यूएसबीला लटकवून?" टॉवरमध्ये दोन डिस्क नीट स्क्रूने बसतात आणि साटा केबलने थेट मदरबोर्डला जोडल्या जातात. डिस्कांसकट तो पंचवीस वॅटच्या आत राहतो.

पैसे वाचवायचे ते मशीनमध्ये, डिस्कमध्ये नाही, हे तुमचं पालुपद. आपण दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात गेलो, तर तुम्ही भाव विचारायच्या आधी लेबलवरचा मॉडेल नंबर वाचायला लागलात. सीएमआर की एसएमआर? सीएमआर डिस्कवर ट्रॅक सुटे असतात. एसएमआर डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी ते जाणवत नाही, पण मिररमधली (दोन डिस्कवर एकच माल ठेवतात त्यातली) एक डिस्क गेली आणि नवीन डिस्क भरायला घेतली की काम रखडत जातं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (घरच्या नेटवर्कवरच्या साठवणीसाठीच्या) रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि तेव्हापासून सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावाने येतात. मी त्या दिवशी नुसत्या 'रेड'कडे बोट दाखवत होते. तुम्ही सिरीयल नंबर टाकून वॉरंटी भारतातली आहे का तेही तिथेच तपासलंत. दुकानदार वैतागला होता, तुम्ही नाही. घरी आल्यावर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते आकडे काढलेत: चालू तास शून्य, बदललेले सेक्टर शून्य. मगच पिशवी फेकू दिलीत.

ईसीसी आणि दहा गिगाबिट तुम्ही दोन वाक्यांत उडवलंत. फोर-के ब्लू-रेचा वेग सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आत, साध्या गिगाबिट वायरीत असे चार-पाच सहज मावतात. वाचलेल्या पैशांत यूपीएस आला. वीज गेली की तो यूएसबीवरून सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर आपणहून नीट बंद होतो.

राहिला रडू येण्याचा प्रश्न. सिनेमे नाहीत, आईच्या गाण्याच्या कॅसेटी आणि लेकीचे लहानपणचे फोटो. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, हे ऐकून तिसरी डिस्क घेतली. ती माहेरी सांगलीला असते, गणपतीत आणि दिवाळीत ताजी होते.

तुम्ही पैसे घेणार नाही हे ठाऊक आहे. पण काकू म्हणत होत्या, तुमच्याकडे मिनीडीव्हीच्या टेपा पडून आहेत आणि कॅमेरा अजून चालतो. आमच्या टॉवरमध्ये एक स्लॉट मोकळा आहे, असे कॅमेरे जोडायचं फायरवायरचं कार्ड मी मागवलंय. तासाला तेरा जीबी लागतात, जागा भरपूर आहे. रविवारी टेपा घेऊन या, चहा मी टाकते.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची