शिबिरासाठी पाठ मागितलास म्हणून

कोल्हापूर

प्रिय दोस्ता,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. उन्हाळी शिबिरात ‘सेवक पुढारी’ हा विषय तुझ्या गळ्यात पडलाय आणि तू माझ्याकडं तयार पाठ मागतोयस. तयार पाठ नाही रे. पण आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या पोरांबरोबर यावर बरीच डोकेफोड झालीय, ती सांगतो. कामाचं तेवढं घे.

आमच्या पोरांना पुढारी म्हणजे काय हे चर्चच्या आधी चौकात कळतं. वाढदिवसाचा फ्लेक्स, गॉगल, ‘युवा नेतृत्व’ आणि खाली गोल गोल फोटोंत शुभेच्छुक. मंडळीत काय करायला आवडेल म्हणून विचारलं, तर हात वर होतात ते माईकसाठी आणि गिटारसाठी. पोरांना तरी काय बोलायचं? आपणही बोलक्या पोराच्याच हातात माईक देतो आणि वर त्याला ‘लीडरशिप’ म्हणतो.

म्हणून येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगापासून मी सुरुवात करत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा १०वा अध्याय काढतो. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडं जागा मागतात, एकाला उजवीकडं, एकाला डावीकडं. मत्तय तर सांगतो, त्यांची आईच पाया पडून मागायला आली होती. इथं वर्ग हसतो; पोरांसाठी वशिला लावणारी आई सगळ्यांच्या ओळखीची. मग पुढचं वाचायला लावतो: हे ऐकून बाकीचे दहा शिष्य त्या दोघांवर संतापले. का संतापले? एक पोरगी पटकन म्हणाली, “सर, ह्यांनी आधी नंबर लावला म्हणून!” मला सांगायला काही उरलंच नाही.

मग योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय, पाय धुण्याचा. त्यातलं तिसरं वचन आपण सगळे घाईनं ओलांडतो, तिथं थांब. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, हे ठाऊक असताना येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी ओतलं. सगळं हाती असलेला माणूस वाकतो. एवढी एक ओळ गाळलीस, तर पाठ चुकीच्या माणसाच्या माथी बसतो. आमच्याकडं मंडळीचं प्रेमभोजन झालं की पातेली घासायला कोण असतं? आया आणि थोरल्या मुली. त्यांच्यापुढं उभं राहून मी ‘सेवा करायला शिका’ म्हणू? त्या वर्षानुवर्षं करतायत आणि त्यांना कुणी पुढारी म्हणत नाही. हा पाठ खुर्चीवर बसलेल्यांचा आहे. मुलींना उलट मी वचन वाचायला, सभा चालवायला पुढं बसवतो. त्यावरून कुजबुज होते, होऊ दे.

उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिलं ते पोरांनी शाळेत ऐकलेलं असतं. मी फक्त विचारतो, मदत तर पैसे दिल्यावर झालीच होती, मग महाराज स्वतः तिथं चहा प्यायला का जायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही का पाजायचे? अर्धा तास त्यावर भांडतात.

पाय धुण्याचा कार्यक्रम शिबिरात ठेवू नकोस, असं माझं स्पष्ट मत. पोरं त्या दिवशी घरून साबण लावून पाय धुऊन येतात. धुणाराही खूश, धुवून घेणाराही खूश, आणि रात्री स्टेटसला फोटो. त्याऐवजी आम्ही नियम केला: ज्याच्या हातात रविवारी माईक किंवा गिटार, त्यानं शेवटपर्यंत थांबून सतरंज्या झाडायच्या, पातेली घासायची, संडास धुवायचा. आमचा गिटारवाला पहिल्यांदा पातेल्यापाशी बसला. तळाला भात करपून धरलेला, तो चमच्यानं खरवडतोय. शेजारच्या काकूंनी काही न बोलता त्यात गरम पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “भिजू दे, तोवर वाट्या घे.” त्याला तेवढंही माहीत नव्हतं. आता तो भात संपला की पातेलं आधी भिजत घालतो.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोलाची. इथं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी असेपर्यंत मदतीला माणसं रग्गड. ओसरल्यावर मात्र घराघरांत गुडघाभर चिखल आणि कुजलेल्या गाद्यांचा वास. आमची थोरली पोरं तेव्हा फावडी घेऊन जवळच्या चिखली गावात गेली होती. एका घरात त्यांनी झपाट्यानं सामान बाहेर काढायला घेतलं. भिजलेली एक ट्रंकही कचऱ्यात गेली. म्हातारी धावत आली आणि ट्रंक ओढून घेतली. आत साड्या होत्या, फोटो होते. त्या पोरांतला एक जण आता लहानांचा वर्ग घेतो आणि पहिली गोष्ट हीच सांगतो: आधी विचारायचं.

त्याचं ऐकून मी मार्क १० परत वाचला. बघ हं, येशू याकोब-योहानाला विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आंधळ्या बार्तिमयालाही तोच प्रश्न. त्याला दिसत नाही हे उघड होतं, तरी विचारलं. तिकडं खुर्ची मागितली, इकडं दृष्टी. शिबिराचा दुसरा दिवस एवढ्यावर सहज निघेल.

एका प्रश्नाची मात्र तयारी ठेव, तो येणारच. आमच्यात नववीतल्या पोरानं भर वर्गात विचारला: “सर, मग मंडळीचे पंच सतरंज्या का उचलत नाहीत?” मी त्याला गप्प केलं नाही. पुढच्या बैठकीत हा विषय काढणार आहे, त्याचं नाव न घेता. दोघे-तिघे चिडतील, पाळकसाहेब बहुतेक हसतील. काय झालं ते फोनवर सांगेन.

शिबिराच्या तारखा कळव. सुट्टी मिळाली तर दोन पोरं घेऊन येतो, गिटारवाल्याला नक्की. वहिनींना आणि लेकरांना सलाम.

तुझाच,
कोल्हापूरचा दोस्त