रूपाच्या तक्त्याबद्दल

हॅमिल्टन, न्यूझीलंड
८ फेब्रुवारी

ती. आई-अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार. चि. रूपास अनेक आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे. यंदाची गड्ड्याची जत्रा कशी झाली? रूपाने नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला होता, तो रात्रपाळी करून येताना बसमध्ये तीनदा पाहिला. अण्णांचा गुडघा कसा आहे ते कळवा. लूमवर उभं राहणं कमी करा म्हणून माझं ते ऐकणार नाहीत. आई, तूच सांग.

पत्राचं कारण मात्र रूपा आहे. परवा फोनवर ती म्हणाली, "ताई, सोलापुरातल्या वेगवेगळ्या समाजांच्या चालीरीतींचा तक्ता करायचाय, नर्सिंगची असाइनमेंट आहे. तू तिकडे हेच शिकतेस ना, काहीतरी पाठव." मी "पाठवते" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यापासून ते डोक्यातून जाईना. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. रूपा, आईला सगळं मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

आधी उशीची गोष्ट सांगते. इथे लागून मला महिनासुद्धा झाला नव्हता. वॉर्डात एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आजोबा होते, पायाला सूज. पायाखाली उशी देऊन पाय वर ठेवले होते. दुपारी त्यांना उठून बसायचं होतं, तर मी तीच उशी पायाखालून काढली, नीट झटकली आणि मानेमागे ठेवली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलीने उशी हळूच काढून घेतली, आपलं जाकीट गुंडाळून त्यांच्या मानेमागे सारलं आणि उशी खाली खुर्चीवर ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच मला लागलं. नंतर सोबतच्या सिस्टरने सांगितलं की माओरी लोकांत डोकं 'तापू' असतं, म्हणजे पवित्र. डोक्याची उशी वेगळी, अंगाची वेगळी. डोक्यावरून जेवणाचा ट्रे पलीकडे द्यायचा नाही. जेवणाच्या टेबलावर बेडपॅन तर सोडाच, बूडसुद्धा टेकायचं नाही. आई, तुला हे ऐकून नवल वाटणार नाही. आपल्याकडे पायाची उशी डोक्याला घेतली असती तर आजीने रागावून घर डोक्यावर घेतलं असतं. मग ते मला वॉर्डात कसं सुचलं नाही? अंगावर गणवेश चढला की घरचं शहाणपण आपण खुंटीला टांगून ठेवतो का, हे मी त्या रात्री स्वतःला विचारलं.

तेव्हा मीही एक वही केली, रूपाच्या तक्त्यासारखीच. माओरी, सामोअन, चिनी, फिलिपिनो. समोर काय चालतं, काय चालत नाही. पुढच्याच आठवड्यात एक माओरी बाई दाखल झाल्या. मी मोठ्या काळजीने दोन रंगांचे अभ्रे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "उशीचं मला काही नाही गं. माझं नाव तेवढं नीट घे." त्यांच्या नावात इंग्रजी डब्ल्यू आणि एच जोडून येतात, त्याचा उच्चार माओरीत 'फ'च्या जवळ जातो, आणि सकाळपासून प्रत्येक जण 'व' म्हणत होता. मीसुद्धा. माझी वही तिथेच बंद पडली.

रूपा, आता तुझ्या अभ्यासाचं. मॅडेलिन लेनिंजर तुला माहीत असतील. अमेरिकेतल्या परिचारिका, मग मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीत जाऊन राहिल्या, ट्रान्सकल्चरल नर्सिंगचा पाया घातला. माणूस ज्या रीतींत वाढला त्या समजून घेतल्याशिवाय शुश्रूषा पुरी होत नाही, हे त्यांनी शिकवलं, आणि ते थोर कामच आहे. पण इथे इरिहापेटी रॅम्सडेन नावाच्या माओरी परिचारिका होऊन गेल्या, २००३ मध्ये वारल्या. त्यांनी प्रश्न उलटा धरला. रोग्याच्या चालीरीती पाठ करण्याआधी परिचारिकेने स्वतःकडे बघावं. मी कोण, माझ्या हातात किती सत्ता आहे, या बाईला बघताच माझ्या मनात काय आलं? आणि काळजी सुरक्षित झाली की नाही हे परिचारिकेने नाही, ती घेणाऱ्याने ठरवायचं. याला 'कल्चरल सेफ्टी' म्हणतात. १९८८ मध्ये क्राइस्टचर्चला माओरी परिचारिकांची सभा भरली होती. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तिथे विचारलं की तुम्ही कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता, मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? पहिल्या वर्षाची मुलगी, बघ. १९९२ मध्ये इथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा केला. त्यावर वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला, प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं, पण विषय टिकला.

आमच्या वर्गात केरळच्या दोघी, फिलिपिन्सच्या चौघी, एक सामोअन, एक चिनी, दोन माओरी मुली आणि मी. पहिल्या दिवशी माओरी रीतीने ओळख द्यायची होती. आधी आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं, आणि नाव सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, आमच्याकडे डोंगर नाही, माळ आहे. नदी भीमा. गावात सिद्धरामेश्वरांचं तळं आहे. वडील टॉवेल विणतात. आई दवाखान्यात मावशी होती. अण्णा, त्या वर्गात तुमचं काम सांगताना ऊर भरून आला. आणि सोलापूर म्हटल्याबरोबर ती चिनी मुलगी म्हणाली, "के दिहुआंचं गाव?" आपल्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. भय्या चौकातलं त्यांचं घर आपण शाळेच्या सहलीत पाहिलं होतं ना, रूपा? १९३८ मध्ये पाच डॉक्टर चीनला गेले त्यांतले ते एक. चिनी भाषा शिकले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. रोग्याशी त्याच्या भाषेत बोलायचं म्हणून भाषा शिकणारा माणूस आपल्या गावचा, आणि मी सोलापुरात जन्म काढून तेलुगू शिकले नाही.

आता जे लिहिते आहे ते आई, मी तुला कधी सांगितलं नाही.

परवा ६ तारखेला इथे वैतांगी दिनाची सुट्टी होती. १८४० मध्ये त्या दिवशी इंग्रजांच्या राणीच्या प्रतिनिधीने आणि माओरी प्रमुखांनी करारावर सह्या केल्या. कराराचे मसुदे दोन, एक इंग्रजी, एक माओरी. इंग्रजीत लिहिलं होतं की सार्वभौम सत्ता राणीकडे जाते. माओरीत त्या जागी जो शब्द होता त्याचा अर्थ नुसता कारभार. बहुतेक प्रमुखांनी सही केली ती माओरी मसुद्यावर. त्या फरकाचं दुखणं आजतागायत चालू आहे. वर्गात बाईंनी हे दोन मसुदे शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे करार नव्हता, एक निळा अंगठा होता.

माझं जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोम्याचं, शेवटचं वर्ष, तुझ्याच दवाखान्यात पोस्टिंग. विडी घरकुलातल्या एक बाई आल्या होत्या. बोटांना तंबाखूचा वास, नखं कातरीने झिजलेली. मी संमतीपत्र पुढे केलं, मराठीत भराभरा वाचलं, "कळलं ना?" म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी त्यांचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. धरून, आई. दुसऱ्या कामांची घाई होती. ऑपरेशननंतर दोन दिवसांनी तू त्यांच्याशी तेलुगूत बोललीस, तेव्हा कळलं की त्यांना वाटलं होतं फक्त गाठ काढणार आहेत. गर्भपिशवी काढली हे त्यांना तुझ्याकडून समजलं. तू घरी येऊन जेवली नाहीस. म्हणालीस, "कुणी घेतला असेल गं त्या बाईचा अंगठा?" मी पोळी लाटत होते. मी बोलले नाही.

ती मी होते.

ऑपरेशन गरजेचं होतं, डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण शरीर त्यांचं होतं आणि कागद माझा होता. ज्या कागदावर काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, त्याला मी संमती म्हटलं. इथे दुभाष्या मिळाल्याशिवाय मी सही घेत नाही. घरच्या माणसाने "मी सांगतो तिला" म्हटलं तरी घेत नाही, कारण घरची माणसं पुष्कळदा अर्धंच सांगतात.

आणि आई, तुला 'कल्चरल सेफ्टी' कुणी शिकवली नव्हती. ती लिंगायत आजी आठवते? ऑपरेशनला नेताना गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं तर रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, कपाटात ठेवा. तू तिच्या शेजारी वाकून विचारलंस, "अव्वा, कुणाच्या हातात देऊ, तुम्हीच सांगा." तिने धाकट्या जावेचं नाव घेतलं. तू तिला बाहेरून बोलावलंस, तिने हात धुतले, पदर पसरला, आणि आजीने स्वतःच्या हाताने चांदीची डबी त्यात ठेवली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. मी ही गोष्ट वर्गात सांगितली. बाईंनी विचारलं, त्या कोणत्या पदावर होत्या? मी म्हटलं, झाडू-पोछा आणि बेडपॅन. कुणी काही बोललं नाही. मग माओरी मुलींपैकी एक म्हणाली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तो कळवते.

तेव्हा रूपा, तक्ता कर, मार्क त्यालाच आहेत. लिंगायत, पद्मशाली, मोमीन, सगळे रकाने भर. पण तक्त्याखाली एक रिकामी ओळ सोड आणि लिही की या बाईला स्वतःला विचारलं का. मॅडमनी कारण विचारलं तर अंगठ्याची गोष्ट सांग, माझं नाव घेऊन सांग. आणि वॉर्डात 'सात नंबरची पेशंट' म्हणू नकोस. तेलुगू नाव लांब असलं तरी पुरतं घे.

आई, माझा राग आला तर येऊ दे, पण फोन उचल. रविवारी तुमच्या दुपारी बारा वाजता करते, इथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात होतात. मला आणि रूपाला दोघींनाही तेलुगू शिकव. 'एक्कडा नोप्पी', कुठे दुखतंय, एवढं येतं. 'तुम्हाला काय समजलं ते मला सांगा' हे कसं म्हणतात, तिथून सुरू करू.

तुमची,
वैशाली