कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीतल्या मामांना

मामा,

तुमचं नाव मला माहीत नाही. रक्षाविसर्जनाला आले तेव्हा विचारणार होते, पण त्या सकाळी तुमची ड्युटी नव्हती. म्हणून हे असं, सगळ्यांदेखत लिहितेय.

त्या संध्याकाळी पावसात आम्ही माझ्या वडिलांना, आण्णांना, घेऊन आलो. त्याआधी सोळा दिवस ते एका दवाखान्यात होते. तिथं त्यांना नाव नव्हतं. पहिल्या दिवसापासून ते 'चौदा नंबर', आणि गेल्यावर पाच मिनिटांत 'चौदाची बॉडी'. "बॉडी कधी हलवताय? मागं पेशंट वेटिंगला आहे." बिलावर मात्र पूर्ण नाव बिनचूक छापलेलं. डॉक्टरांनी उपचारात कसूर केली असं मी म्हणत नाही, ते मला कळतही नाही. पण सोळा दिवसांत एकानंही त्यांना हाक मारली नाही.

तुम्ही चितेसाठी गोवऱ्या, आपल्याकडच्या शेणी, रचत होता. मान वर करून मला विचारलंत, "ताई, आण्णा काय करत्यात?"

करत्यात. तुमच्या तोंडी ते सहजच आलं असणार. पण मीही सहजच बोलून गेले, "केएमटीला ड्रायव्हर आहेत." केएमटी म्हणजे आपली सिटी बस. तिथून रिटायर होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि जाऊन पाच तास. तुम्ही मागं वळून पोरांना म्हणालात, "आरं, डायवरसाहेब हायत. दमानं घ्या. मानंखाली हात धर."

आणि त्या पोरानं खरंच हात धरला. झोपलेल्या माणसाची मान अवघडू नये म्हणून धरतात तसा.

बाकीचं मला धड आठवत नाही. पाऊस, शेडच्या पत्र्याचा आवाज, कुणीतरी माझ्या हातात दिलेलं मडकं. तुमच्यापुढं नोट धरली तेव्हा तुम्ही "महापालिका पगार देतीया की" म्हणून बाजूला झालात, तेवढं लक्षात आहे. पुढं उत्तरकार्यापर्यंत घरी येणारा जो तो 'लई चांगला माणूस होता' म्हणून गेला. प्रत्येक 'होता'ला आई पदर तोंडाला लावायची. माणसं मनापासूनच बोलत होती, पण मला दर वेळी तुमचं 'हायत' ऐकू यायचं.

आण्णा तुमच्यासारखेच, मामा. पळत येणाऱ्या म्हातारीसाठी रंकाळा स्टँडवर गाडी थांबवायची आणि कंडक्टरच्या शिव्या खायच्या, हा रोजचा कार्यक्रम. 2019 च्या महापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या मावशीला ओळख ना पाळख अशा पोरांनी खांद्यावरून बाहेर काढलं. तिनं नाव विचारलं तर पोरं म्हणाली, "नावाचं काय करतीस मावशी, पाय वर घे." आपल्या गावात अशी माणसं पैशाला पासरी आहेत असं मी उगाच म्हणणार नाही. चौदा नंबर म्हणणारेही याच गावचे. पण तुमच्यासारखा एक भेटला की पुढचे चार तुसडे सोसता येतात.

आणखी एक सांगायचं राहिलं. दर होळीला तालमीची पोरं स्मशानभूमीसाठी शेणी गोळा करायला यायची. आण्णा पन्नास द्यायचे, एकेक मोजून. आई चिडायची, सणासुदीला काय हे म्हणून. त्यावर ते हसायचे, "अगं, माझ्याच खात्यावर भरतोय." त्या संध्याकाळी तुम्ही रचत होता, त्यात त्यांच्या किती होत्या कोण जाणे.

यंदाच्या होळीला पोरांच्या हाती न देता मी स्वतः घेऊन येणार आहे. ड्युटीवर असलात तर आधी तुमचं नाव सांगा. आणि शेणी मोजून घ्या, पन्नासच आहेत का बघा. आण्णांचा हिशेब चोख असतो.

तुमची,
डायवरसाहेबांची मुलगी