आमच्या पीएचसीच्या डॉक्टर मॅडमना, आण्णांच्या घरून

मॅडम, तुमची बदली झाली आणि तुमचा जुना नंबर लागत नाही म्हणून इथेच लिहितोय, कोणीतरी पोचवेल तुमच्यापर्यंत.

आमचे आण्णा, गुहागरकडचे, नारळ-सुपारीच्या वाडीवाले. पावसाळाभर खोकला, रात्री आडवं झालं की दम कोंडायचा, सगळे म्हणायचे दमाच आहे, हवा दमट आहे, पंपही चालू होता. तुम्ही पहिलंच विचारलंत, "झोपताना उशा किती लागतात?" आई म्हणाली तीन, आणि हल्ली तर ओटीवर खुर्चीत बसूनच झोपतात. मग तुम्ही खाली वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरलात, आणि काढल्यावर जो खळगा पडला तो भरूनच येईना. मानेची शीर बघितलीत, ईसीजी काढलात आणि म्हणालात हे हार्टचं वाटतंय, उद्याच टूडी एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करून घ्या.

तवसाळवरून फेरीबोटीने जयगड, तिथून रत्नागिरी. ईएफ, म्हणजे हार्ट दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा, निघाला २५. नॉर्मल माणसाचं ५५ च्या आसपास किंवा वर असतं, आण्णांचं हार्ट दर ठोक्याला आत भरलेल्या रक्तातलं पावच पुढे ढकलत होतं आणि पाणी फुफ्फुसात नि पायात साठत होतं.

गोळ्या रत्नागिरीच्या कार्डिओलॉजिस्टनी सुरू केल्या, त्यांचेही उपकार आहेतच, पण घरी रोज कसं राहायचं ते तुम्ही शिकवलंत आणि तेही आम्हाला बाजूला बसवून थेट आण्णांना. मीठ कमी करा असं सगळेच सांगतात हो, तुम्ही मात्र आमच्या स्वयंपाकघरात शिरलात, सुकट किती, खारातली कैरी किती, पापड किती, सोलकढीला आगळ वापरता का. आगळात मीठ मुठीने पडतं, पण सोलकढीला खारट कोण म्हणतं? आता बिनमिठाची आमसुलं भिजवून करते आई.

आणि शहाळं! ताकद येते म्हणून रोज प्यायचे. आण्णांच्या गोळ्यांतल्या स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम अंगात राहतं, शहाळ्यातही ते भरपूर, जास्त झालं तर ठोकेच बिघडतात, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. लो सोडियम मिठातही पोटॅशियमच असतं, म्हणून तेही नको म्हणालात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणायचे ती डायक्लोफिनॅक बंद केलीत, ती अंगात पाणी धरून ठेवते. डॅपाग्लिफ्लोझिन शुगरची गोळी म्हणून आण्णा घ्यायला तयार नव्हते, मला शुगर नाय तर कशाला, तर ती हार्टलाही लागते हे तुम्हीच पटवलंत.

वजनाचं तर काय सांगू. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी काट्यावर उभे राहतात आणि आकडा कालनिर्णयवर स्वतः लिहितात. गणपतीत पाहुणे, बाहेरचं फरसाण, तीन दिवसांत दोन किलो वर गेलं, धाप अजिबात नव्हती, तरी आण्णांनीच तुम्हाला फोन लावला. तुम्ही लघवीची गोळी वाढवलीत, किडनी आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायला लावलीत, अ‍ॅडमिट करायची वेळच आली नाही.

परवाच्या एकोत ईएफ ३८ आलंय. जड काही उचलू देत नाही आम्ही, पण वाडीत शिंपणं करतात, बाजारात चालत जातात. गोळ्या एकही चुकवत नाहीत, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत हे तुमचं वाक्य आता तेच दुसऱ्यांना ऐकवतात.

मनापासून थँक्यू मॅडम. आता कुठे आहात तेवढं कळवा, रिपोर्टचा फोटो पाठवतो आणि आण्णांना स्वतः बोलायचंय तुमच्याशी.