काका, तुम्ही ती पिन ओढून पाहिलीत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

काल आईला घेऊन कोल्हापूरहून परत आले. आंबा घाट उतरताना वळणावळणाला ब्रेकवर पाय जात होता आणि दर वेळी तुमची आठवण येत होती. घरी येऊन आभार मानले की तुम्ही "असू दे गं" म्हणून चहा पुढे करता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, तिने तुम्हाला वाचून दाखवावं.

श्रावणात मी तुमच्याकडे आले होते ती फक्त रंगाचं विचारायला. बाबांची गाडी बारा वर्षं रत्नागिरीजवळ समुद्राकाठच्या मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी आहे. चाकांच्या फटींतून आतले कॅलिपर (ब्रेक आवळणारे जबडे) आणि हब (चाक बसतं तो मधला भाग) गंजून तांबडे झालेले दिसायचे, ते मला बघवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "एवढ्या दमट हवेत रंग पांढुरका पडेल. पाऊस उघडू दे." आणि घटस्थापनेनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता गाडी टेकवायची स्वतःची लोखंडी घोडी उचलून तुम्हीच दारात उभे.

जन्मभर एसटीच्या बसखाली काम केलेला माणूस एका छोट्या गाडीपाशी इतका जपून वागतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. नुसत्या जॅकच्या भरवशावर तुम्ही मला हात आत घालू दिला नाहीत. गाडी घोडीवर बसवलीत, वर काढलेलं चाक तिच्या पोटाखाली सरकवलंत. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दगड आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, हेही तेव्हाच सांगितलंत. बागेच्या पाइपाचे बोटभर तुकडे कापून चाकाच्या चारही बोल्टांवर टोप्यांसारखे बसवलेत, आट्यांना रंग लागू नये म्हणून.

घासण्यातच अर्धा दिवस गेला. आधी धूळ ओली करून पुसायची, फुंकर मारायची नाही; मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, शेवटी ब्रेक क्लीनर. बिडाचा करडा रंग दिसेपर्यंत तुम्ही मला डबा उघडू दिला नाहीत.

पण मला लिहायचंय ते त्याच्या मधल्या पाच मिनिटांबद्दल. डाव्या चाकाचा कॅलिपर सोडवून तुम्ही तो तारेने स्प्रिंगला बांधलात, ब्रेकच्या नळीवर भार नको म्हणून. मी रबरावर टेप चिकटवत होते. तुम्ही सहज म्हणून कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या एकेक ओढून पाहिल्यात. वरची सुळकन बाहेर आली. खालची हलेना. तुम्ही काही बोलला नाहीत, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून आवळणारे पॅड काढून माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवलेत. बाहेरचा चांगला जाड होता. आतला झिजून जेमतेम तीन मिलिमीटर उरलेला. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि आतला पॅडच झिजत राहतो, हे मला तेव्हा कळलं. दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हिसिंगला पैसे मोजले होते, कागदावर ब्रेकसमोर बरोबरची खूणही होती. त्या गॅरेजवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पण मला अजून राग येतो. त्याच गाडीतून मी आईला घाटात नेणार होते.

रंग तसाच ठेवून आपण बाजारात गेलो. पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, आणि पिनांना साधं पिवळं ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीसच हवं. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल वर येऊन सांडेल म्हणून तुम्ही त्या ऑइलच्या बरणीभोवती फडका गुंडाळलात. ते ऑइल गाडीचा रंगच उतरवतं, हेही नवीन कळलं.

दुपारनंतर रंग. अर्ध्या इंचाचा ब्रश, कॅलिपरना उष्णता सोसणारा लाल रंग, तीन पातळ हात, प्रत्येक हात सुकू देत. डिस्कच्या मधल्या टोपीला आणि मागच्या ड्रमांना काळा. चाक जिथे टेकतं तो भाग मात्र कोरा, कारण तिथला रंग दबला की नट ढिले पडतात. एके ठिकाणी माझ्या हातून ओघळ आला, तर तो तुम्ही ब्रशच्या टोकाने हळूच वर ओढून घेतलात.

रंग सुकला, चाकं बसली, पण मला किल्ली दिली नाहीत. "आधी पेडल मार." पहिल्यांदा पाय थेट खाली गेला, पोटात गोळा आला. मारत राहिले, तेव्हा मागे दाबलेले पिस्टन पुढे येऊन ते हळूहळू कडक झालं. मग कुठे गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली. आई खाली वाकून चाकांतून आत बघत होती. म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं."

काल घाट उतरून साखरप्याला थांबले तेव्हा चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढची दोन्ही सारखीच गरम होती, एकही जास्त नव्हतं. नट परत आवळायचे तुम्ही सांगितलं होतंत, तेही केलं.

तुमची घोडी अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देते. आईने तुमच्यासाठी कोल्हापूरचा गूळ घेतलाय, तोही आणते.

तुमची,
मिऱ्याची पोर